आधी हात दाखवा

प्रिय बाबा,

फोन केला की तुम्ही ‘बरं बरं, जपा पोरांना’ एवढंच बोलून ठेवून देता, म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच ‘बरं बरं’ म्हणता येत नाही. उद्या जहाज ज्या बंदराला लागणार आहे तिथे टपालाची सोय आहे असं जहाजावरच्या चौकशीच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, तेव्हा आम्ही घरी पोचायच्या आत हे तुमच्या हातात पडायला हरकत नाही. गुडघे कसे आहेत? ‘जहाजावर जिने फार असतात’ म्हणून तुम्ही आयत्या वेळी अंग काढून घेतलंत, तर तुमच्या माहितीसाठी सांगते, इथे लिफ्टच लिफ्ट आहेत. तुमच्या जावयांनी पहिल्याच दिवशी सगळ्या तपासल्या. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस सुट्टीवर आला तरी बटण दाबण्याआधी दाराला कान लावतोच. त्यांच्या मते मधली जरा कुरकुरते, बाकी सगळ्या ठणठणीत आहेत. त्यामुळे गुडघ्यांचं कारण मी मान्य केलेलं नाही. तुमची खाट रिकामीच आहे आणि सध्या तिच्यावर पोरांचे पोहायचे ओले कपडे वाळतायत.

मला तरी कुठे यायचं होतं म्हणा. चहूकडे पाणी, औषधपाण्याला एकुलती एक खोली, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत खात सुटलेली माणसं, अशा ठिकाणी मी माझ्या पोरांना आपण होऊन का न्यावं? मोठीला दूध आणि अंडं चालत नाही. बारक्याला शेंगदाण्यापासून बदामापर्यंत कुठलाही दाणा चालत नाही. आणि चालत नाही म्हणजे पोटात दुखतं असं नव्हे, घसा सुजतो, श्वास अडकतो. तुम्हाला हे काय सांगायचं, पण भेटेल त्या माणसाला इतक्या वेळा सांगावं लागतं की पत्रातसुद्धा आपोआप उतरलं. दुसऱ्यांचे कपडे उसवून बेतून देणं हा माझा धंदा, पण माझं खरं काम पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचणं हेच झालंय. तुमच्या जावयांचं म्हणणं एकच होतं. पोरांना जन्मभर घरात कोंडून ठेवणार आहेस का? मी म्हटलं, हो. मग मोठी म्हणाली, आई, मी बारा वर्षांची झाले आणि मी अजून एकदाही घराबाहेर गरम जेवलेली नाही. त्यावर मी तिकिटं काढायला हो म्हटलं.

तरी मी हार मानली नव्हती. एक अख्खी बॅग खाण्याची भरली होती, आणि तिच्या तळाशी टॉवेलात गुंडाळून छोटी विजेची शेगडी ठेवली होती. म्हटलं, जहाजवाल्यांनी काहीही सांगू दे, मी खोलीतच शिजवणार. बंदरावर बॅग तपासणीच्या यंत्रातून गेली आणि शेगडी पकडली गेली! भर समुद्रात आग लागली तर काय होतं, हे त्या पहारेकऱ्याने मला सगळ्या रांगेसमोर समजावून सांगितलं. धान्य नेऊ दिलं, भांडं नेऊ दिलं, शेगडी मात्र ठेवून घेतली. म्हणजे तांदूळ आहे, पातेलं आहे आणि चूल नाही, अशा अवस्थेत मी जहाजावर पाऊल ठेवलं. तुमच्या जावयांना हसू आवरेना. मी त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते लगेच लिफ्ट बघायला निघून गेले.

पहिल्या संध्याकाळी जेवणघरात आम्ही चौघं कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. मुख्य आचारी स्वतः आले. उंचपुरे, डोक्यावर एक केस नाही आणि आवाज असा की शेजारच्या चार टेबलांना कळावं आज आमच्याकडे काय शिजलंय. आम्ही आधीच सगळं कळवलं होतं, ते त्यांना पाठ होतं. मुलांचं जेवण सगळ्यांच्या आधी, वेगळ्या ओट्यावर, वेगळ्या भांड्यांत करायचं, झाकायचं आणि त्यांनी स्वतःच आणून द्यायचं. मी तेलाचं विचारलं, डावांचं विचारलं, ओटा पुसायच्या फडक्याचंही विचारलं. ते न कंटाळता उत्तरं देत होते. शेवटी म्हणाले, ‘ताई, तुम्ही कुठे स्वयंपाकघरात काम केलंय का?’ मी म्हटलं, बेकरीत वाढलेय. त्यांनी ताटं खाली ठेवायला हात पुढे केला आणि आपला बारक्या मोठ्यांदा म्हणाला, ‘आधी हात दाखवा.’ आजूबाजूचे चमचे थांबले हो! मला वाटलं आता हा माणूस ताट उचलून चालता होतो. पण त्यांनी ताटं बाजूला ठेवली, बाह्या सारल्या आणि दोन्ही हात सुलटे-उलटे करून दाखवले. बारक्याने नखंसुद्धा बघितली आणि ‘पास’ म्हणाला. तेव्हापासून दर जेवणाला हा कार्यक्रम होतो. आता तर वाढपीसुद्धा जाता-येता त्याला हात दाखवून जातात.

हे ‘हात दाखवा’ कुठून आलं ते त्याला ठाऊक नाही, पण तुम्हाला ठाऊक आहे. पहाटे भट्टी पेटायच्या आधी सगळे कारागीर रांगेत उभे राहायचे आणि तुम्ही एकेकाचे हात बघत पुढे सरकायचात. रांगेच्या शेवटी मी, तुमच्या कमरेएवढी, पिठात हात घालायची घाई झालेली. माझे हात तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ बघायचात आणि उगीचच एकदा परत धुवायला पाठवायचात. माझं ‘पिठी’ हे नाव तिथलंच. पुढे माझ्या घरात दाराशीच बेसिन बसवून घेतलं आणि तुमचाच नियम लावला. येणारा पाहुणा असो, शेजारीण असो की नळदुरुस्तीवाला असो, आधी हात धुवायचे, मग दाखवायचे. आमच्या घरात येणारा एकच माणूस कधी हात दाखवत नाही. तो घरून अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून येतो, दाराजवळच्या खुर्चीवर बसतो, हात मांड्यांखाली दाबून ठेवतो आणि पाणीही न घेता तासाभरात उठतो. उभा राहिला की त्याचे हात पाठीमागे असतात. बारक्या त्यांना ‘दाराजवळचे आजोबा’ म्हणतो, हे तुमच्या कानावर कधी आलंय का?

असो. जेवणाबद्दल सांगत होते. पहिल्या दिवशी पोरं जेवत होती आणि मी न जेवता त्यांच्या ओठांकडे बघत होते. मोठीने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, मीठ कमी आहे. जन्मात पहिल्यांदा परक्याच्या हातचं गरम खाल्लं आणि वर तक्रार! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी मी थोडं खाल्लं. नंतर एका दुपारी माझ्या लक्षात आलं की माझं ताट संपलंय आणि जेवण गरम असतानाच संपलंय. मोठीचा जन्म झाल्यापासून असं झालेलं मला आठवत नाही.

मोठीचं आणि आचाऱ्यांचं भलतंच जमलंय. दुपारची गर्दी ओसरली की ते तिला त्या वेगळ्या ओट्याशी बोलावतात. परवा त्यांनी तिला पाव करायला शिकवला. मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट. बाबा, एवढंच. दूध नाही, अंडं नाही, दाणा नाही. मी दारात उभी राहून बघत होते. पीठ मळताना ती मनगटाने पुढे ढकलते, मग बोटांनी आपल्याकडे ओढते आणि दर खेपेला डावा खांदा जरासा उडवते. तो खांदा माझा नाही, तिच्या बापाचा तर नाहीच नाही. आचारी म्हणाले, ‘तुला कुणी शिकवलंय का गं आधी?’ ती म्हणाली, ‘नाही, कुणीच नाही.’ पाव जरा बसका झाला होता, पण दोघांनाही चालला. एकाच ताटातलं एकच काही दोघांना चाललंय, असं आमच्याकडे फारदा होत नाही. बारक्याने चार तुकडे संपवले.

आता जे सांगणार आहे त्याआधी एक ऐका. बारक्या ठणठणीत आहे. हे लिहितेय तेव्हा समोर बसून बहिणीशी खिडकीवरून भांडतोय. फोनवर सांगितलं नाही, कारण तुम्ही एकटे आहात आणि रात्रभर येरझाऱ्या घातल्या असत्यात.

आमच्या शेजारच्या टेबलाशी एक आजी असतात. शाळेत संगीत शिकवायच्या, आता निवृत्त, एकट्याच फिरायला आल्यात. डोक्यावर छत्रीएवढी टोपी, म्हणून पोरं त्यांना टोपीआजी म्हणतात. दुपारी वरच्या डेकवर सावलीत बारक्या आणि त्या पत्ते खेळतात. आमचा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी उचलला. पत्ते पिसायच्या आधी हात धुऊन यायच्या आणि कुणी न विचारता दाखवायच्या. मंगळवारी बारक्या पहिल्यांदाच जिंकला. आजींनाच त्याच्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्यांनी त्याचा चेहरा ओंजळीत धरला आणि गालाचा पापा घेतला. हात स्वच्छ धुतलेले होते, बाबा. पण चहाबरोबर त्यांनी बदामाचा केक खाल्ला होता. आम्ही सगळे इतके दिवस हातच बघत बसलो होतो. ओठ बघायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही.

गाल लाल झाला. त्याने तो चोळला, तोच हात डोळ्याला लावला, तोंडाला लावला. बघता बघता डोळा मिटला आणि तो खोकायला लागला. आवाज जाड झाला, ‘आई’ म्हणाला तेही ओळखू येईना. इंजेक्शनची पिशवी माझ्या कमरेला होती. मी ते मांडीत दिलं, चड्डीवरूनच, शिकवलंय तसं. मोठी न रडता, न ओरडता थेट दवाखान्यात धावली आणि डॉक्टरांना घेऊनच आली. काय झालं, कशाने झालं, इंजेक्शन दिलंय का, सगळं तिने त्यांना वाटेतच सांगितलं होतं. तुमच्या जावयांनी त्याला उचललं आणि आम्ही खालच्या मजल्यावर गेलो. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, नळी लावली, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठेवून घेतलं. अंधार पडायच्या आत त्याचा डोळा उघडला होता आणि ‘माझे पत्ते कुणी घेतले’ म्हणून चौकशी सुरू झाली होती. मी घाबरले होते हे लपवत नाही. पण एक मात्र खरं. जे होऊ नये म्हणून मी इतकी वर्षं दारं लावून बसले होते ते झालं, भर समुद्रात झालं, आणि आम्ही चौघांनी ते निभावलं.

रात्री टोपीआजी जेवायला आल्या नाहीत. दुसऱ्या सकाळीही नाहीत. वाढप्याने सांगितलं की त्या खोलीतच जेवण मागवतायत आणि आपलं टेबल लांब कोपऱ्यात हलवायला सांगितलंय. बारक्या दवाखान्यातून सुटल्या सुटल्या म्हणाला, ‘आजी कुठेत? डाव राहिलाय.’ मी म्हटलं, त्यांना फार वाईट वाटतंय, बाळा. तो म्हणाला, ‘का? त्यांना माहीतच नव्हतं ना?’ मग पत्ते घेतले, माझा हात धरला आणि निघाला. आजींनी दार उघडलं. डोळे सुजलेले होते. त्याला बघताच त्या एक पाऊल मागे सरकल्या आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

बाबा, मी ते हात बघितले आणि मला दुसरंच कुणी दिसलं. बारक्याला काही वेगळं वाटलं नाही. तो नेहमीसारखाच म्हणाला, ‘आधी हात दाखवा.’ आजी हलेनात. तो वाट बघत उभा राहिला. शेवटी हळूहळू त्यांनी हात पुढे केले. त्याने उलटे-सुलटे करून बघितले आणि म्हणाला, ‘आता तोंड पण धुऊन या. नवीन नियम आहे.’ त्या बाई हसत होत्या की रडत होत्या कोण जाणे, पण शहाण्या मुलीसारख्या तोंड धुऊन आल्या. मग दोघांनी पलंगावर डाव मांडला. आपला पठ्ठ्या सपाटून हरला.

परत येताना बोळातच त्याने विचारलं, ‘दाराजवळचे आजोबा पण हात मागे ठेवतात. त्यांनी पण कुणाचा पापा घेतला होता का?’ मी तिथेच गालिच्यावर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. की आजोबांनी त्याच्या ताईसाठी मुद्दाम वेगळी बिस्किटं केली होती, दूध-अंडं नसलेली, लोण्याऐवजी बदाम कुटून घातलेली. की ताईने ती टाळ्या वाजवत खाल्ली. की तो तेव्हा नुकता चालायला लागला होता, आजोबांच्या मांडीवर बसून आ करत होता, म्हणून त्यांनी बोटाच्या टोकावर चिमूटभर चुरा त्याला दिला. की दाणा त्याला चालत नाही हे तेव्हा कुणालाच, अगदी कुणालाच माहीत नव्हतं. की त्याचा श्वास अडकायला लागला तेव्हा गाडी येईपर्यंत आजोबा थांबले नाहीत, त्याला छातीशी धरून ते रस्त्याने दवाखान्यापर्यंत धावत गेले आणि त्या दिवशी त्यांना गुडघे आठवले नाहीत. डॉक्टर तुमच्या तोंडावर म्हणाले होते, आजोबा, हे कुणाच्याही हातून झालं असतं, वेळेवर आणलंत म्हणून पोर हाती लागलं. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. तुम्ही एकट्यानेच नाही ऐकलं, तुम्ही आपल्या हातांकडे बघत उभे होतात. बारक्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘मग आजोबांना बोलवायला कुणी गेलं नाही?’ मी म्हटलं, अरे, आजोबा येतात की आपल्या घरी. तो म्हणाला, ‘दारापर्यंत.’

म्हणून हे पत्र, बाबा. मी बोलवायला आलेय. आम्ही रविवारी उतरतोय, सोमवारी सकाळी तुम्ही आमच्याकडे यायचं. मैद्याचं न फोडलेलं पाकीट मी वाटेत घेईन, त्याच्या मागची अक्षरं मी वाचेन आणि मग तुम्हीही वाचा. भांडी आमची, ओटा आमचा, चार जिन्नस, आणि मळणारे तुम्ही. मोठीचा पाव बसका का होतो ते आचाऱ्यांनाही नीट सांगता आलं नाही, आणि ती मला रोज विचारतेय की आजोबांना येत असेल का. मी सांगितलंय, आजोबांना येत नाही असं या विषयात काही नाही. बेकरी तुमच्या कारागिरांकडे सोपवून तुम्हाला कितीतरी दिवस झाले, तुमच्या अंगावर आता पिठाचा कण नसतो, तेव्हा अंघोळीचा घोळ घालत बसू नका, आहात तसे या. खबरदार, गुडघ्यांचं नाव काढाल तर. दाराजवळची ती खुर्ची मी सोमवारी उचलून आत ठेवणार आहे, म्हणजे बसायचं झालं तर तुम्हाला आतच यावं लागेल. दार बारक्या उघडेल, त्याने तसं आधीच ठरवून टाकलंय, आणि दार उघडल्यावर तो पहिलं वाक्य काय म्हणणार हे तुम्हाला आता ठाऊक आहे. ते वाक्य मुळात तुमचंच आहे. तेवढं करा, बाबा. तो म्हणेल तेव्हा हात पुढे करा.

तुमच्याच रांगेतली शेवटची,
तुमचीच,
पिठी